बगळ्याचा पाय

डोंगराचं नाव मोराया.
तात्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं मोरया करून टाकलं
आणि गोरमच्या पोस्टापुढे उभं राहून हात जोडले,
भक्तीने की थंडीने, कळलं नाही.

टेबलावर नकाशा पसरला,
कोपऱ्यांवर मीठ, लोणच्याची बाटली, त्यांचा चष्मा, माझा फोन.
खाली न्यू हॅम्पशायरचा मे महिना :
दाराशी चिखल, कानाशी काळ्या माश्या.
वर अजून जानेवारी.
"बर्फ आहे म्हणजे किती?"
मोजणी खात्यात पस्तीस वर्षं साखळी ओढलेला माणूस,
'आहे' एवढ्यावर त्यांचं भागत नाही.
मी सांगते : झाडी सुरू होते तिथे टाचभर,
दुसऱ्या वळणावर घोटाभर,
उत्तरेच्या अंगाला, स्प्रूसच्या सावलीत, मांडीभर.
आणि अकरानंतर
त्याच मांडीभरात माणूस कमरेपर्यंत जातो.
"का?"
ऊन.

मग तो कणा.
हिवाळाभर लोक एकाच वाटेने चालतात,
पायाखालचा बर्फ दाबून दाबून दगड होतो.
जिथे कुणीच चाललं नाही ती जमीन आधी मोकळी होते,
वाट तेवढी उरते,
हातभर रुंद, उंच, बुळबुळीत,
शेताच्या बांधासारखी.
तात्या बराच वेळ गप्प.
"जन्मभर बांधांच्याच भानगडी मोजल्या," म्हणाले,
"चालेन."

हार्डवेअरच्या दुकानात लोरेन थिबोडो
बुटांना लावायचे लोखंडी दात दाखवते,
पण विकायची घाई करत नाही.
मागच्या दाराने बाहेर नेते, सरपणाच्या ढिगाशी.
"खांद्याखालचा तो पांढरा डाग बघा.
माझा बाप त्याला बगळा म्हणायचा.
आधी मान जाते, मग पोट.
पाय मोडला की जा."
मी मराठीत सांगायला वळते
तर तात्यांचा हात आधीच कपाळावर, डोळे वर.

तिकीट तेवीस तारखेचं.
रोज सकाळी ते दुकानामागे जाऊन येतात,
लोरेनशी कुठल्या भाषेत बोलतात देव जाणे,
आणि वहीत लिहितात :
बारा मे. मान शाबूत.
पंधरा. मान गेली. रात्री पाऊस.
अठरा. पोटाला भोक.
एकोणीस. पाय जैसे थे.

त्या रात्री मी बेत कापला.
पहाटे साडेचारला निघायचं, बर्फ कडक आहे तोवर.
पहिल्या कातळापर्यंतच.
साडेनऊला, असू तिथून, मागे फिरायचं.
हे मी तीनदा म्हटलं.
गेल्या वर्षी याच दिवसांत एकटी गेले होते, हट्टाने;
उजवा बूट डोंगराने ठेवून घेतला.
हे तात्यांना ठाऊक नाही.

कातळावर पोचलो तेव्हा नऊ दहा.
पुढे कणा झाडीत शिरत होता, निळसर,
मधोमध कुणाच्या तरी पायाचं खोल भोक,
तळाशी वाहत्या पाण्याचा आवाज.
हाताशी वीस मिनिटं.
मी पट्टे आवळायला वाकले.
तात्यांनी काठी कण्याच्या कडेला खुपसली.
ती जात राहिली.
जात राहिली.
मूठ तेवढी वर.
त्यांनी ती उपसली, ओल्या खुणेवर नख दाबलं,
आणि घड्याळ न बघता उताराकडे वळले.
"तीन फूट दोन इंच.
लिही."

पाय जूनच्या सहाला मोडला.
लोरेनचा मला फोन, माझा भोरला.
तिकडे रात्र, कुत्री भुंकत होती.
"किती वाजता मोडला?"
मोडताना कुणी पाहिलं नाही, तात्या.
सकाळी बघितलं तर नव्हता.
वहीची पानं उलटल्याचा आवाज.
"मग मी नोंद कशी करू?"